विश्लेषण : टीव्हीचा पैसा मोबाइलवर गेला; ग्राहकाचे हक्क मात्र केबलपाशीच राहिले!

‘फिक्की’ आणि ‘ईवाय’ यांचा माध्यम उद्योगावरील वार्षिक अहवाल मार्च २०२५ मध्ये आला. २०२४ या वर्षात भारतात डिजिटल माध्यमांची उलाढाल ८०,२०० कोटी रुपयांवर गेली, तर टीव्हीची ६७,९०० कोटींवर थांबली, असे त्यात नमूद आहे. सुमारे अडीच लाख कोटींच्या या उद्योगात डिजिटलचा वाटा ३२ टक्के झाला. डिजिटलने टीव्हीला मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ.

या आकड्यांची चर्चा बहुतेक वेळा ‘कोण जिंकले, कोण हरले’ अशीच होते. घराच्या मासिक खर्चाच्या बाजूने पाहिले तर वेगळाच प्रश्न समोर येतो. केबल किंवा डिश घेणाऱ्याला गेल्या काही वर्षांत नियमांनी काही हक्क मिळवून दिले. तेच घर फायबर आणि ओटीटीवर गेले की यातले बहुतेक हक्क मागे राहतात. पडदा तोच, मालिका तीच, क्रिकेटही तेच. नियम मात्र बदलतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

गेल्या काही वर्षांत नेमके काय बदलले?

पहिला बदल पैसे भरून टीव्ही पाहणाऱ्यांच्या संख्येत झाला. केबल वितरकांच्या ‘ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन’ने ‘ईवाय’सोबत केलेल्या अहवालानुसार, २०१८ मध्ये अशी घरे सुमारे १५ कोटी १० लाख होती. २०२४ मध्ये ती ११ कोटी १० लाखांवर आली. सहा वर्षांत चार कोटी घरांनी पैसे भरून टीव्ही पाहणे सोडले.

डीटीएचचीही तीच गत. ट्रायच्या आकडेवारीत २०२० च्या अखेरीस सशुल्क डीटीएचचे सात कोटींहून अधिक सक्रिय ग्राहक होते. मार्च २०२५ अखेर ते सुमारे ५ कोटी ६९ लाख राहिले.

ही सगळी घरे ओटीटीकडे गेली, असे मात्र नाही. प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ चार कोटींहून अधिक घरांत आहे. तिथे डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच होतो, महिन्याचे भाडे नाही. म्हणजे बाजार दोन्ही बाजूंनी फाटला आहे. ज्यांना परवडते ते फायबरकडे गेले, ज्यांना परवडत नाही ते फुकट डिशकडे. मधला केबलवाला दोन्हीकडून आटत चालला आहे.

डिजिटलचा पैसा येतो कुठून?

८०,२०० कोटींपैकी सुमारे ७०,००० कोटी जाहिरातींचे आहेत. त्यात सर्च, समाजमाध्यमे, ई-कॉमर्स असे सारे आले. प्रेक्षकांनी भरलेली डिजिटल वर्गणी सुमारे १०,२०० कोटी रुपयांची. २०२४ मध्ये टीव्हीची वर्गणी याच्या तिपटीहून जास्त होती.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, भारतीय प्रेक्षक अजूनही अ‍ॅपसाठी वेगळे पैसे मोजायला नाखूश आहे. दोन, त्यामुळे कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला. अ‍ॅपचे पैसे वेगळे मागायचेच नाहीत. मोबाइलच्या रिचार्जमध्ये किंवा ब्रॉडबँडच्या भाड्यात ते मिसळून टाकायचे. ग्राहकाच्या मते अ‍ॅप ‘फ्री’ मिळाले. प्रत्यक्षात त्याची किंमत दिसेनाशी झाली. पुढचा सगळा प्रश्न या न दिसणाऱ्या किमतीचा आहे.

९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहक, म्हणजे नेमके किती?

२०२५ च्या सुरुवातीला देशात ब्रॉडबँडचे ९४ कोटींहून अधिक ग्राहक होते, असे ट्रायची आकडेवारी सांगते. आकडा खरा आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा. यातले सुमारे ९० कोटी मोबाइलवरचे होते. घरात तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडचे ग्राहक फक्त चार कोटींच्या आसपास.

दुसरे म्हणजे, ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या. २०१३ पासून ती ५१२ केबीपीएस होती. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ती किमान दोन एमबीपीएस केली. आजच्या मोठ्या टीव्हीवर एचडी दर्जाचे चित्र अडखळू नये, तर साधारण पाच एमबीपीएस लागतात. म्हणजे कायद्याच्या भाषेत ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे, त्याच्या घरी टीव्हीवर क्रिकेटचा सामना धड दिसेलच असे नाही.

डेटाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पाच एमबीपीएस वेगाने तासाला सव्वादोन जीबी डेटा जातो. चार तासांच्या टी-ट्वेंटी सामन्याला नऊ जीबी. दिवसाला दोन जीबीचा रिचार्ज असेल तर पहिला डाव निम्माही होत नाही. त्यामुळे ज्याला टीव्हीच्या जागी इंटरनेट आणायचे आहे, त्याला घरात वेगळी जोडणी घ्यावीच लागते. कंपन्यांची खरी स्पर्धा या जोडणीसाठीच चालू आहे.

शेजाऱ्याचा षटकार आधी का ऐकू येतो?

केबल आणि डिशवर एकच सिग्नल एकाच वेळी सगळ्यांकडे जातो. दहा घरे पाहोत की दहा लाख, पाठवणाऱ्याचे काम तेवढेच. इंटरनेटवर सामान्यतः प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. त्यासाठी सामन्याचे चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, शहराशहरांतल्या सर्व्हरवर साठवले जाते आणि तिथून घरोघरी जाते. यात वेळ जातो. म्हणून केबलवाल्या शेजाऱ्याकडचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि अ‍ॅपवर षटकार नंतर दिसतो.

हे सांगायचे कारण तांत्रिक कुतूहलाचे नाही. इंटरनेटवरचा प्रत्येक प्रेक्षक कंपनीला खर्चात पाडतो. पण प्रत्येक प्रेक्षकाची माहितीही मिळवून देतो : कोण, कधी, कुठे थांबला, काय पुढे ढकलले. टीव्हीचे मोजमाप ‘बार्क’ ही संस्था देशभरातल्या सुमारे ५८ हजार मीटरवरून करते. टीव्ही असलेल्या २० कोटींहून अधिक घरांच्या तुलनेत हा नमुना नगण्य आहे. अ‍ॅपला नमुन्याची गरजच नसते. त्याच्याकडे सगळ्यांचा हिशेब असतो. जाहिरातदार तिकडे का वळला, हे यातून कळते. आणि कंपन्या अ‍ॅप ‘फुकट’ वाटायला का तयार होतात, हेही.

घरात येणारी तार कोणाची?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. बरोबर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर व्यावसायिक पातळीवर सुरू झाले. १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओ एअरफायबर आले. पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि पुणे होती. यात घरापर्यंत तार ओढावी लागत नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसवलेले यंत्र ५जी सिग्नल पकडते. त्याच सुमारास एअरटेलनेही अशीच सेवा दिल्ली आणि मुंबईत सुरू केली. मार्च २०२५ मध्ये एअरटेलने सुमारे दोन हजार शहरांत आयपीटीव्ही आणला. टीव्ही वाहिन्या, ओटीटी आणि वायफाय एकाच बिलात.

दुसरीकडे मालकी एकवटत गेली. २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या देशातल्या दोन मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रक हिस्सा घेण्याचे जाहीर केले. १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्ने यांचा भारतातला माध्यम व्यवसाय एकत्र झाला. या व्यवहाराचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये सांगण्यात आले. स्टार आणि कलर्स हे एकेकाळचे प्रतिस्पर्धी समूह एका छताखाली आले. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओ सिनेमा आणि हॉटस्टार यांचे मिळून ‘जिओ हॉटस्टार’ झाले. झी आणि सोनी यांचे विलीनीकरण मात्र दोन वर्षांच्या खटाटोपानंतर जानेवारी २०२४ मध्ये फिसकटले. म्हणजे समोर तेवढ्याच ताकदीचा दुसरा गट उभा राहिला नाही.

आज एकाच उद्योगसमूहाकडे मोबाइल सेवा आहे, फायबर आहे, केबल आहे, वाहिन्या आहेत, अ‍ॅप आहे आणि क्रिकेटही आहे. हे बेकायदा नाही. मोठे होणे हा गुन्हाही नाही. पण ग्राहकाने एका गोष्टीसाठी मोजलेला पैसा दुसऱ्या कुठल्या गोष्टीकडे वळतो, हे त्याला कळायला नको का?

केबलच्या ग्राहकाला कोणते हक्क आहेत?

केबलचा धंदा सुरुवातीला कसाही चालायचा. केबलवाला म्हणेल ते पॅकेज आणि म्हणेल तो भाव. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. पहिल्या टप्प्यात मुंबई होती, दुसऱ्यात पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी शहरे. मग २०१७ मध्ये ट्रायने नवी दरपद्धत अधिसूचित केली आणि फेब्रुवारी २०१९ पासून ती प्रत्यक्षात आली.

या पद्धतीने ग्राहकाला चार गोष्टी दिल्या.

• प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले.

• कोणतीही वाहिनी सुटी घेण्याचा हक्क मिळाला. पॅक घ्यायलाच हवा, अशी सक्ती राहिली नाही.

• पॅकमध्ये घालायच्या वाहिनीच्या किमतीला मर्यादा आली. ती आधी १९ रुपये होती, मध्ये १२ केली गेली, नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीत पुन्हा १९ झाली. सुट्या वाहिन्यांच्या एकूण किमतीपेक्षा पॅक किती स्वस्त ठेवता येईल, यालाही कमाल ४५ टक्क्यांची मर्यादा आहे.

• जोडणीचे शुल्क आणि वाहिन्यांचे पैसे वेगळे झाले. जोडणीसाठी महिन्याला कमाल १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे.

चौथा हक्क मात्र आता सैल झाला आहे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने जोडणी शुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकली आणि दर ठरवण्याची मोकळीक वितरकांना दिली. तरीही शुल्क वेगळे आणि जाहीर दाखवण्याचे बंधन कायम आहे. तारेचे किती आणि कार्यक्रमांचे किती, हे केबलच्या ग्राहकाला आजही कळू शकते.

मग फायबरच्या ग्राहकाला काय मिळते?

समजा, ५९९ रुपयांची ब्रॉडबँड योजना आहे. जीएसटी धरून ती ७०६ रुपये ८२ पैशांना पडते. सोबत दहा-बारा ओटीटी अ‍ॅप आणि काही शे वाहिन्या. यात तारेचे किती? अ‍ॅपचे किती? नको असलेले अ‍ॅप काढले तर किती कमी होतील? बहुतेक योजनांत या प्रश्नांना उत्तर नाही, कारण ते देण्याचे बंधनच नाही.

अडचण नियमांच्या रचनेत आहे. केबल आणि डीटीएचचे दर ट्रायच्या कक्षेत येतात. ब्रॉडबँडच्या सेवेचा दर्जाही ट्राय पाहते. ओटीटी मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली आहे. त्या नियमांत आशयाचे वर्गीकरण आहे, तक्रारीची तीन पातळ्यांची व्यवस्था आहे. किंमत आणि पॅक यांच्याबद्दल काही नाही. त्यामुळे फायबर आणि ओटीटी एकत्र विकले की तो पॅक दोन नियमांच्या मधल्या फटीत पडतो.

ही फट २०२३ मध्ये उघडपणे दिसली. क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी सामने मोबाइल अ‍ॅपवर फुकट होते. तीच क्रीडावाहिनी केबलवर पाहायला मात्र पैसे लागत होते. केबल वितरकांची संघटना दूरसंचार लवादाकडे, ‘टीडीसॅट’कडे गेली. अ‍ॅप म्हणजे टीव्ही वाहिनी नव्हे आणि ते ट्रायच्या कक्षेत येत नाही, असे लवादाने अंतरिम आदेशात प्रथमदर्शनी म्हटले. कायद्याच्या अक्षराला धरून ते असेलही. पण प्रेक्षक अक्षर पाहत नाही, सामना पाहतो.

‘फ्री’ म्हणजे खरेच फुकट का?

याचे उत्तर आयपीएलच्या तीन हंगामांत आहे. जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यात देशातल्या टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींचे, तर डिजिटलचे २३,७५८ कोटींचे. डिजिटल हक्क तेव्हाच टीव्हीच्या पुढे गेले होते.

२०२३ चा हंगाम जिओ सिनेमावर सगळ्यांसाठी फुकट होता. कोणाचे सिमकार्ड आहे, हेही पाहिले जात नव्हते. २०२४ मध्येही सामने फुकट राहिले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. जिओची २८ दिवसांची, रोज दीड जीबी डेटाची २३९ रुपयांची योजना २९९ ला गेली. वाढ थेट २५ टक्के. मार्च २०२५ मध्ये नवा हंगाम सुरू होताना घोषणा आली : २९९ किंवा त्याहून मोठा रिचार्ज केला तर जिओ हॉटस्टार ९० दिवस ‘मोफत’. त्या हंगामात अ‍ॅपची सशुल्क ग्राहकसंख्या २८ कोटींवर गेल्याचे सांगण्यात आले. यातले किती जण अ‍ॅपसाठी वेगळे पैसे भरून आले आणि किती जण रिचार्जला चिकटून आले, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आधी फुकट, मग रिचार्जसोबत, मग सशुल्क. यात फसवणूक नाही. धंद्याची ही जुनीच रीत आहे. पण मधल्या काळात केबल काढून टाकलेल्या घराला परतीचा रस्ता महाग पडतो. जुना बॉक्स कोपऱ्यात गेलेला असतो, नवी जोडणी सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्यावर घेतलेली असते. निवड तेव्हा होती, आता सवय आहे.

जाहिरातदाराला संरक्षण, प्रेक्षकाला का नाही?

या सगळ्या प्रकरणातली सर्वात बोलकी गोष्ट स्पर्धा आयोगाच्या मंजुरीत आहे. रिलायन्स-डिस्ने विलीनीकरणाला आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये काही अटींसह हिरवा कंदील दाखवला. कंपन्यांनी दिलेल्या हमीनुसार, मोठ्या क्रिकेट स्पर्धांच्या टीव्ही आणि ओटीटीवरील जाहिरातींच्या वेळा एकत्र बांधून विकायच्या नाहीत, जाहिरातींचे दर अवाजवी वाढवायचे नाहीत.

म्हणजे एका ताकदवान कंपनीने दोन गोष्टी एकत्र बांधून विकल्या तर घेणाऱ्याचे नुकसान होऊ शकते, हे आयोगाला पटले. फक्त तो घेणारा जाहिरातदार होता. साबण आणि शीतपेये विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात, त्या आपली बाजू मांडतात. महिन्याला सातशे रुपये भरणाऱ्या घरासाठी अशी हमी कोणी मागितली नाही. जाहिरातदाराला जो न्याय लागू झाला, तोच प्रेक्षकाला का लागू होऊ नये?

कंपन्यांचे म्हणणे काय?

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. सगळी अ‍ॅप सुटी घेतली तर पॅकपेक्षा कितीतरी महाग पडतात, हे खरे आहे. ओटीटीला केबलसारखी मक्तेदारी नाही. ग्राहक एका महिन्यात सोडून जाऊ शकतो, हेही खरे. यूट्यूबसारखा फुकटचा पर्याय समोर असताना मनमानी भाव लावता येत नाही, हा मुद्दाही वजनदार आहे.

शिवाय नियमनाचा अनुभवही निखळ चांगला नाही. २०१९ च्या दरपद्धतीनंतर अनेक घरांचे बिल कमी होण्याऐवजी वाढले. वाहिन्यांची यादी, जोडणी शुल्क, कर यांच्या गुंत्यात ज्येष्ठ ग्राहक हरवून गेले. बहुतेकांनी शेवटी केबलवाल्याने सुचवलेला पॅकच घेतला. सुटी वाहिनी घेण्याचा हक्क कागदावर राहिला.

आणखी एक भीती आहे. ओटीटीला नियम लावायचे म्हटले की सरकारचा हात किमतीवर न थांबता आशयापर्यंत जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या प्रसारण सेवा विधेयकाच्या मसुद्यावर हीच टीका झाली. २०२४ मधला पुढचा मसुदा तर यूट्यूबवर स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनाही कवेत घेतो, असा आक्षेप आला आणि ऑगस्टमध्ये तो मागे घेतला गेला.

या सगळ्याचा अर्थ ओटीटीचे दर सरकारने ठरवावेत, असा निघत नाही. तशी गरजही नाही. पण दर ठरवणे वेगळे आणि दर दाखवायला लावणे वेगळे. बाजारातली भाजी कितीला विकायची, हे सरकार सांगत नाही. वजनकाटा मात्र तपासते.

मग काय करायला हवे?

याचे उदाहरण ट्रायनेच घालून दिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिने मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएससाठीची किमान एक योजना ठेवणे बंधनकारक केले. साधा फोन वापरणाऱ्या आजोबांना नको असलेला डेटा का घ्यावा लागावा, हा त्यामागचा विचार. डेटासाठी जे पटले, ते अ‍ॅपसाठी पटायला हरकत नसावी.

त्याच धर्तीवर चार गोष्टी करता येतील.

• साधी जोडणी : प्रत्येक ब्रॉडबँड कंपनीने प्रत्येक वेगाला किमान एक योजना अ‍ॅपविना ठेवावी. ती पॅकइतक्याच किमतीची नसावी.

• फोडलेले बिल : जोडणीचे किती, वाहिन्यांचे किती, अ‍ॅपचे किती, हे बिलावर वेगळे यावे. केबलच्या बिलात जे जमते, ते फायबरच्या बिलात न जमण्याचे काही कारण नाही.

• स्वतःच्या आणि परक्या अ‍ॅपला एकच न्याय : फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने आशयानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यामुळेच थांबली. आज डेटाचा दर एकच आहे, पण रिचार्जसोबत स्वतःच्या समूहाचे अ‍ॅप वाटता येते. त्या निर्णयाचा हेतू जपायचा, तर हा प्रकारही तपासला पाहिजे.

• बदलता येईल असे यंत्र : कंपनी बदलली तरी सेट-टॉप बॉक्स तोच चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. ग्राहकाच्या घरात ती अजून उतरलेली नाही. फायबरच्या राउटरबाबत तीच चूक पुन्हा करू नये.

यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणाच्या मालिकेला कात्री लावावी लागत नाही.

केबलवाल्याचे काय?

या बदलात सर्वात कमी बोलला जाणारा माणूस म्हणजे गल्लीतला केबलवाला. तो कधी आवडता नव्हता. सामना ऐन रंगात असताना त्याची तार तुटायची. पण फोन केला की तो स्वतः शिडी घेऊन यायचा. उधारी चालायची, सणाला दोन महिन्यांचे एकत्र घ्यायचा. आज कस्टमर केअरच्या यंत्राला ‘मराठीसाठी दोन दाबा’ एवढेच येते.

त्याच्याबद्दल हळहळ पुरेशी नाही. खांबांवरून, गच्च्यांवरून गेलेले त्याचे जाळे आणि त्याची माणसे हीच फायबर घरोघरी पोहोचवायला उपयोगी पडतात. अनेक केबलचालक आता स्थानिक इंटरनेट सेवा देतात किंवा मोठ्या कंपन्यांचे हस्तक म्हणून काम करतात. जोडणीचा दर वेगळा दिसू लागला, तर या छोट्या सेवादात्यांनाही तारेच्या भावावर स्पर्धा करता येईल. पन्नास अ‍ॅपचा पॅक त्यांना परवडत नाही. चांगली, स्वस्त तार देणे परवडते.

तोवर ग्राहकाने काय पाहावे?

नियम येतील तेव्हा येतील. नवी जोडणी घेताना काही गोष्टी आजही तपासता येतात.

• जाहिरातीतल्या किमतीत जीएसटी आहे का? बहुतेक ब्रॉडबँड योजनांत तो वेगळा असतो.

• भाडे महिन्याचे की सहा महिन्यांचे आगाऊ? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का, आणि बसवलेले यंत्र परत द्यावे लागते का?

• ‘अनलिमिटेड’ला मर्यादा किती? ती ओलांडली की वेग किती खाली येतो?

• अ‍ॅप कोणत्या दर्जाचे? काही पॅकमध्ये ते फक्त मोबाइलवर चालते, टीव्हीवर नाही. काहींत जाहिराती राहतात.

• ‘मोफत’ मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार का? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ऑटोपेची पूर्वसूचना किमान २४ तास आधी यायला हवी आणि ते बंद करण्याची सोय हवी.

• सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड केले असेल, तर तो ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ ठरतो. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला अनुचित प्रथा म्हटले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दरवर्षी येणारे अहवाल डिजिटलची वाढ मोजत राहतील. पुढच्या वर्षी हा आकडा आणखी फुगलेला असेल, यात शंका नाही. पण एखादा उद्योग किती वाढला, एवढ्यावरून तो किती सुधारला हे कळत नाही. त्यासाठी साध्या ग्राहकाला आपण कशाचे किती पैसे भरतो, हे बिल पाहून सांगता यायला हवे. केबलच्या काळात हे साधायला दोन दशके लागली. फायबरच्या काळात तेवढा वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण यावेळी चूक कुठे झाली होती हे आधीच माहीत आहे.